शोधणाऱ्याला सापडेल असे पान

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

— एक माध्यमिक शिक्षक, बी. ए., बी. एड., कबनूर



मला नेमून दिलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्यासारखा आहे. शाळेचे संकेतस्थळ शोधयंत्रात वर कसे येईल, आणि त्यासाठी पानावरच कोणत्या सुधारणा करता येतील, असा तो विषय. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, हे संगणकवाल्यांचे काम. यात शिक्षकाने कशाला पडावे? माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या कामाचा निम्म्याहून अधिक भाग भाषेच्या शिक्षकाचा आहे, उरलेल्यातला बराचसा शाळेच्या कार्यालयाचा आहे, आणि अगदी थोडा संगणक जाणणाऱ्याचा आहे. हे पटवून देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम, या विषयाची आपल्याला गरज काय, ते पाहू. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्या काळी शिक्षणाची बातमी माणसाच्या तोंडून खेड्यापाड्यांत पोहोचत असे. आज ती फोनच्या काचेवर शोधली जाते. इचलकरंजीला लागून असलेल्या आपल्या कबनूरचेच उदाहरण घ्या. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी झोपलेला असतो, आई घरात कांड्या भरत असते, आणि दहावी झालेली मुलगी घरातल्या एकुलत्या एका फोनवर "अकरावी प्रवेश कबनूर" असे टाइप करीत असते. तिच्या घरात तिच्याआधी कॉलेजचे तोंड कोणी पाहिलेले नसेल, तर तिला विचारायला दुसरे कोणी नाही. फोन जे दाखवील तेच तिच्यासाठी खरे.

आता त्या शोधात शाळेचे पान दिसलेच नाही, तर काय दिसते? कुठल्यातरी दुकानदाराचे पान दिसते, ज्यावर शाळेचे नाव असते, प्रवेशाची माहिती अर्धवट असते आणि फॉर्म भरून देण्याची फी मात्र स्पष्ट असते. किंवा तीन-चार वर्षांपूर्वीचे पान दिसते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. त्यापूर्वीची माहिती वाचून कोणी शाळेच्या दारात थेट अर्ज घेऊन आले, तर दोष त्याचा नव्हे. तीच गोष्ट शिष्यवृत्तीची. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरतीच ठेवण्यात आली. तरीही पहिलीपासूनच्या मुलांना ती मिळते, असे सांगणारी जुनी पाने अजून निघतात, आणि पालक दाखल्यांसाठी मजुरी बुडवून हेलपाटे घालतात. म्हणून म्हणतो, शोधात वर येणे हा आपल्यासाठी मोठेपणाचा प्रश्न नाही. खरी माहिती खोट्या माहितीच्या आधी पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

शोधयंत्र काम कसे करते?

एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आला, ते तीत दिलेले असते. शोधयंत्र हीच गोष्ट जगभरच्या पानांसाठी करते. त्याचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा, पाने वाचत फिरणे: एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर. दुसरा, वाचलेल्या शब्दांची सूची करणे. तिसरा, कोणी काही विचारले की सूचीतून पाने काढून ती क्रमाने मांडणे.

हा क्रम लावण्यासाठी १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी एक युक्ती मांडली. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारे पान स्वतः जितके वजनदार, तितके त्याच्या शिफारशीला मोल. त्यातूनच गूगल जन्मास आले. आज क्रम लावताना या एका गोष्टीखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. दुसऱ्यांनी आपल्याकडे बोट दाखवावे, हे पूर्णपणे आपल्या हाती नाही. मात्र आपले पान आपण कसे लिहितो, ते सर्वस्वी आपल्या हाती आहे. आजचे व्याख्यान त्यापुरतेच.

मथळा: ताग्यावरचा शिक्का

आपल्या भागात कापडाचा तागा उलगडण्याआधी व्यापारी त्यावरचा शिक्का वाचतो. पानाचा मथळा म्हणजे असा शिक्का. शोधाच्या यादीत जी ठळक ओळ दिसते, ती बहुधा या मथळ्यावरूनच घेतलेली असते. असंख्य शाळांच्या पानांवर मथळा असतो नुसता "मुखपृष्ठ" किंवा "आपले स्वागत आहे". आता सांगा, "आपले स्वागत आहे" असे कोणी शोधील काय?

मथळा असा असावा: "इयत्ता अकरावी प्रवेश, अमुक हायस्कूल व ज्युनिअर कॉलेज, कबनूर". काय, कोणाचे, कोठले, ही तिन्ही उत्तरे एका ओळीत आली पाहिजेत. ओळ लांबली तर फोनवर तिची शेपटी कापली जाते. म्हणून महत्त्वाचे शब्द आधी. आणि प्रत्येक पानाचा मथळा वेगळा हवा. प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, निकाल या चारही पानांवर केवळ संस्थेचे नाव असेल, तर चार ताग्यांवर एकच शिक्का मारल्यासारखे होईल.

मथळ्याच्या खाली दोन ओळींचे वर्णन दिसते. ते आपण लिहून ठेवू शकतो. गूगल ते दरवेळी वापरीलच असे नाही, आणि क्रम ठरवताना ते मोजलेही जात नाही. पण वाचणारा माणूस ते वाचून पान उघडायचे की नाही हे ठरवतो. म्हणून तेथे "उज्ज्वल परंपरा लाभलेली नामवंत संस्था" असे न लिहिता "प्रवेशाच्या तारखा, लागणारे दाखले, फी आणि कार्यालयाची वेळ" असे लिहावे.

पानाच्या पोटातला मजकूर

निबंध शिकवताना आपण मुलांना सांगतो, पहिल्या परिच्छेदात विषय आला पाहिजे. पानालाही तोच नियम लागू आहे. पुष्कळ पानांवर आधी संस्थेचा इतिहास, मग पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मग संदेश, आणि सर्वांत तळाशी प्रवेशाची तारीख असते. पदाधिकाऱ्यांविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन की, प्रवेशाच्या पानावर तारीख आधी यावी. इतिहासाला स्वतंत्र पान द्यावे. तेथे तो सन्मानाने नांदेल.

मजकुराला एक मुख्य शीर्षक आणि त्याखाली उपशीर्षके असावीत: "पात्रता", "लागणारी कागदपत्रे", "शेवटची तारीख", "वारंवार विचारले जाणारे प्रश्न". नुसती अक्षरे मोठी व ठळक केली म्हणजे शीर्षक झाले, असे यंत्र मानीलच असे नाही. पान तयार करताना ती ओळ शीर्षक म्हणून नोंदवावी लागते. ज्याने आयुष्यभर फळ्यावर मुद्दे काढून शिकवले आहे, त्याला हे नव्याने शिकण्याची गरज नाही.

शब्द कोणते वापरावेत? लोक विचारतात ते. आपण परिपत्रकी मराठीत लिहितो, "प्रवेशप्रक्रियेबाबत सूचना". पालक टाइप करतो, "अकरावी ॲडमिशन कधी सुरू होणार". आपण लिहितो "शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र", गावात त्याला "दाखला" किंवा "एल. सी." म्हणतात. आजची यंत्रे समानार्थी शब्द पुष्कळसे ओळखतात, विशेषतः इंग्रजीत. मराठीत त्यांच्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा दोन्ही शब्द वाक्यात सहज येतील असे लिहावे. नववी-दहावीच्या वर्गात एक तास असा घ्या की, तुम्हाला शाळेची माहिती हवी असेल तर फोनवर काय टाइप कराल, ते मुलांनी कागदावर लिहायचे. त्या चाळीस चिठ्ठ्या तुम्हाला कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक सांगतील.

गावांच्या नावांचेही असेच आहे. कोणी कबनूर लिहितो, कोणी कबनुर; कोणी रोमन लिपीत लिहितो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने यासाठी एक चांगली सोय ठेवली आहे. एका नावाची वेगवेगळी लेखने शोधली, तरी वाचकाला मूळ लेखाकडे नेणारे "पुनर्निर्देशन" तेथे करता येते. शिवाय त्यातल्या चांगल्या लेखांची ठेवण पाहा: पहिल्याच वाक्यात विषयाची ओळख, मग विभाग, आणि मजकुरातच संबंधित लेखांचे दुवे. पान कसे रचावे याचा हा आपल्याच भाषेतला वस्तुपाठ आहे. आपण आपल्या पानावर शाळेचे नाव मराठीत, रोमन लिपीत आणि उर्दू माध्यम असल्यास उर्दूत एकेकदा द्यावे. सोबत तालुका, जिल्हा, पिनकोड व शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक द्यावा. एकाच नावाच्या शाळा गावोगाव असतात. क्रमांक एकाचाच असतो.

लिपीचा प्रश्न: येथेच आपले घोडे अडते

आता मी ज्या मुद्द्यावर सर्वांत अधिक भर देणार आहे, त्याकडे येतो. हा मुद्दा इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, कारण ती अडचण त्यांना नाही.

संगणकावर मराठी आली ती आधी फाँटच्या मार्गाने. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत आपण वर्षानुवर्षे पत्रके, प्रश्नपत्रिका आणि स्मरणिका काढल्या. यांपैकी कित्येक फाँटांत होत असे असे की, पडद्यावर "क" दिसतो, पण संगणकाच्या पोटात तेथे रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह साठवलेले असते. फाँट म्हणजे त्यावर चढवलेला मराठी अंगरखा. अंगरखा काढला की आत अर्थहीन अक्षरांची रांग. शोधयंत्र अंगरखा पाहत नाही, आतली अक्षरे वाचते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात अनेक मराठी दैनिकांचे व संस्थांचे हजारो मजकूर इंटरनेटवर असूनही शोधात नव्हते. माणसाला दिसणारे, यंत्राला न दिसणारे!

यावरचा उपाय युनिकोड. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीतल्या अक्षरांना स्वतःची जागा मिळाली. "क" म्हणजे जगातल्या कोणत्याही यंत्रावर "क"च. आज फोनवर आपण जे मराठी लिहितो, ते युनिकोडच असते. पण शाळेच्या कार्यालयात आजही जुन्या फाँटातला मजकूर आहे आणि तो तसाच उचलून पानावर चढवला जातो.

उर्दूची कथा याहून बिकट. १९९४ साली आलेल्या इनपेज या आज्ञावलीने नस्तालीक लिपीची छपाई सुकर केली. पण वेबवर मात्र उर्दू मजकूर बराच काळ चित्र म्हणून चढवला गेला. चित्रातली बातमी माणूस वाचतो. यंत्रासाठी ते काळे-पांढरे ठिपके. उर्दू माध्यमाच्या ज्या शाळा अजूनही इनपेजमधून चित्र काढून सूचना लावतात, त्यांनी युनिकोड उर्दूकडे वळावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपले पान कोणत्या जातीचे, हे कसे ओळखावे? सोपी चाचणी आहे. पानावरील एक ओळ निवडून तिची नक्कल करा व फोनवरील निरोपात चिकटवा. मराठी उमटली तर युनिकोड. भलतीच अक्षरे उमटली तर जुना फाँट. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र. चाचणीला एक मिनिटही लागत नाही.

युनिकोडमध्येही आपल्या भाषेचे एक-दोन बारकावे आहेत. "ॲडमिशन"मधला "ॲ" दोन तऱ्हांनी लिहिता येतो: "अ"वर चंद्र देऊन, किंवा २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झालेल्या स्वतंत्र अक्षराने. "विद्यार्थ्याऱ्या" असा शब्द नाही, पण "शेतकऱ्याचा", "दुसऱ्या", "पायऱ्या" यांतला अर्धा र, त्यालाही दोन तऱ्हा आहेत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. यंत्रे असे भेद पुष्कळदा सांभाळून घेतात. तरीही पूर्ण पानावर एकच तऱ्हा ठेवावी, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

चित्रे, पत्ता आणि वेग

फलकावरच्या सूचनेचा फोटो काढून तो पानावर टाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. चित्रातली अक्षरे वाचण्याची विद्या यंत्रांनी बरीच साध्य केली आहे. पण शिक्क्याखाली दडलेली, तिरकी, सावलीत काढलेली मराठी तारीख ते बिनचूक वाचतील याचा भरवसा नाही. फोटो लावायचा तर लावा, पण खाली तोच मजकूर टाइप करा. प्रत्येक चित्राला एक पर्यायी ओळ जोडता येते: "शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थिनी" अशी. ती यंत्राला उपयोगी पडते आणि त्याहून अधिक उपयोगी पडते अंध वाचकाला, कारण त्याचा फोन ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ती लिहावी.

पानाचा पत्ता छोटा व अर्थपूर्ण असावा. आकड्यांची माळ नसावी. २०१४ पासून देवनागरीत ".भारत" असा पत्ताही घेता येतो. पत्ता एकदा ठरला की बदलू नये, नाहीतर घर सोडताना शेजाऱ्याला नवा पत्ता न सांगितल्यासारखे होते. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट काढून द्यावी. आपल्याच पानांनी एकमेकांना दुवे द्यावेत, आणि दुव्यावर "येथे क्लिक करा" ऐवजी "शिष्यवृत्तीचा अर्ज" असे लिहावे.

राहिला वेग. गूगल आता पानाची फोनवरची आवृत्तीच प्रमाण धरते. हा बदल पूर्ण झाल्याचे त्याने २०२३ साली जाहीर केले. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी त्याची शिफारस आहे. आपण मात्र स्नेहसंमेलनाचे कॅमेऱ्यातले मोठमोठे फोटो जसेच्या तसे चढवतो. स्वस्त फोन आणि महिनाअखेरीचा उरलासुरला डाटा असणारा पालक तेवढा वेळ थांबत नाही. फोटो लहान करून चढवावेत, आणि पान सुरक्षित जोडणीवर असावे. २०१४ पासून क्रम लावताना तिचाही थोडा विचार होतो.

आडवाटा आणि मध्यस्थ

जेथे क्रम आला तेथे कॉपी आली, हे आपण शिक्षक जाणतो. एकेकाळी लोक "प्रवेश प्रवेश प्रवेश" असे शंभरदा लिहीत; पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवीत. पानाच्या अंतर्भागात "मुख्य शब्दां"ची यादी देण्याचीही चाल होती. ती यादी क्रमासाठी पाहत नसल्याचे गूगलने २००९ सालीच जाहीर केले, आणि लपवाछपवीला तर शिक्षा आहे: पान खाली ढकलले जाते, प्रसंगी यादीतून काढलेही जाते.

असे असूनही संस्थांना फोन येतात: "एवढे पैसे द्या, पहिल्या क्रमांकावर आणून देतो." वाचकहो, हे नीट लक्षात ठेवा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच सांगते. पैसे देऊन जाहिरात मिळते, आणि तिच्यावर "प्रायोजित" असा शिक्का असतो. मूळ यादीतला क्रम विकत मिळत नाही. संस्थेचा पैसा हा देणगीदारांचा आणि पालकांचा पैसा आहे. तो खर्च करण्याआधी मी आज सांगितलेली फुकटातली कामे झाली आहेत काय, एवढे विचारावे. जाणकार माणसाची मदत जरूर घ्यावी. पण त्याने काय केले ते त्याच्याकडून लेखी घ्यावे, आणि पानाच्या चाव्या, म्हणजे सांकेतिक शब्द, संस्थेच्या दप्तरी ठेवाव्यात.

मग करावे काय?

माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेने एक भाषाशिक्षक, एक कारकून आणि दोन विद्यार्थी यांची छोटी समिती करावी. भाषाशिक्षकाने मथळे व मजकूर तपासावा. कारकुनाने तारखा तपासाव्यात आणि प्रत्येक पानाच्या तळाशी "शेवटचा बदल" म्हणून दिनांक टाकावा. मुदत टळलेली सूचना तशीच ठेवू नये. "मुदत संपली" असे ठळक लिहून नव्या सूचनेचा दुवा द्यावा. विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा निरनिराळ्या फोनवर शोध घेऊन काय दिसते ते वहीत नोंदवावे. गूगलचे सर्च कन्सोल नावाचे साधन विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले आणि कोणती पाने सूचीत गेलीच नाहीत, ते त्यात कळते. फळ लगेच दिसणार नाही. पान पुन्हा वाचले जायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून जूनच्या प्रवेशाची तयारी जानेवारीत करावी.

कोणी म्हणेल, आता यंत्रच उत्तर देते, पाने कोण उघडतो? २०२४ पासून भारतातही गूगल काही शोधांच्या वर स्वतः जुळवलेला सारांश दाखवू लागले आहे, हे खरे. पण तो सारांशही कोणाच्या तरी पानांच्या आधारे तयार होतो. आपले पान स्पष्ट, ताजे आणि वाचता येण्याजोगे नसेल, तर तो दुसऱ्याच्या पानावरून जुळवला जाईल, आणि त्यात आपल्या शाळेविषयी काय येईल, ते आपल्या हाती राहणार नाही.

बंधु-भगिनींनो, यंत्राला खूष करण्याची विद्या म्हणून या विषयाकडे पाहू नका. मथळा खरा असावा, उत्तर आधी यावे, शब्द लोकांचे असावेत, लिपी वाचता यावी, तारीख ताजी असावी, ही सगळी लक्षणे चांगल्या लेखनाचीच आहेत. मेंडिंग करणारी बाई तागा पसरून तुटलेला एकेक धागा शोधते, तसे आपण आपले एकेक पान तपासले, तर पुढच्या जूनमध्ये फोन हाती घेतलेल्या एखाद्या मुलीला दाखल्यांची खरी यादी वेळेवर मिळेल. तेवढ्यासाठी आपल्याला लागणार आहेत आठवड्यातले दोन तास. ते आपण द्यावेत, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!